मूळ फाइलीला हात लावायचा नाही

पहाटे साडेपाच

थ्री फेज लाइट रात्रीची असली की त्या आठवड्यात आमच्या शेतकरी गटाच्या नोंदी उजाडायच्या आत येतात. रात्रभर गव्हाला पाणी देऊन माणूस घरी येतो, हातपाय धुतो आणि चहा उकळेपर्यंत मोबाइलवर सुचेल ते लिहून टाकतो. कुणी बोटांनी लिहितं, कुणी बोलून लिहवतं, कुणी वहीच्या पानाचा फोटो पाठवतं आणि खाली ‘ताई, लागेल तसं वाचा’ एवढंच. मी उठल्याबरोबर त्या नोंदी चाळते. उत्तर मात्र देत नाही. रात्रभर जागलेल्या माणसाला झोपेतून उठवून शंका विचारण्यात अर्थ नसतो.

डिसेंबर अर्धा सरलाय. आमच्या वडीगोद्रीच्या शिवारात या दिवसांत सगळीच कामं अंगावर येतात. आंबे बहार धरणाऱ्यांनी मोसंबीचं पाणी तोडून बागा ताणावर सोडल्यात, कपाशी उपटून रानं मोकळी होतायत, टरबुजासाठी मल्चिंगचा कागद अंथरणं चालू आहे, आणि पैठणच्या डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार हा प्रश्न रोजच्या रामरामाइतकाच ठरलेला. कामं जास्त म्हणून नोंदीही जास्त.

आज आल्यात तीन. मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट कशी करायची ही एक. नव्या बागेत झाडाझाडातलं अंतर किती ठेवावं ही दुसरी. तिसरी टरबुजाला ठिबकातून सोडायच्या खतांची.

सात

मुलांचे डबे भरले की लॅपटॉप उघडते. प्रत्येक नोंदीची एक साधी मजकूर-फाइल करायची. साधी म्हणजे अगदी साधी, जिच्यात अक्षरांशिवाय काही नाही. रंग नाही, फाँट नाही, आकार नाही. फाइलीच्या डोक्यावर तीन आडव्या रेघा, मग माहितीच्या चार-पाच ओळी, पुन्हा तीन रेघा, आणि खाली मजकूर. पहिली फाइल अशी झाली:

---
शीर्षक: मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट
दिनांक: २०२५-१२-१८
गाव: वडीगोद्री
पीक: मोसंबी
आधार: स्वतःचा अनुभव
---
# साहित्य
मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर.

‘आधार’ ही ओळ आमच्या गुरुजींच्या आग्रहाची. गुरुजी म्हणजे गावातलेच निवृत्त शिक्षक, गटाचं अर्धं डोकं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या चर्चासत्रात ऐकलेलं वेगळं आणि स्वतःच्या बागेत करून पाहिलेलं वेगळं, दोन्ही एकाच ताटात वाढू नका, असं त्यांचं म्हणणं. ते पटलं, म्हणून ओळ राहिली.

मजकुरात ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाकलं की ती ओळ मथळा होते, दोन-दोन फुल्यांमध्ये ठेवलेला शब्द ठळक होतो. ही मार्कडाउनची पद्धत. जॉन ग्रूबर या अमेरिकन लेखकानं ती २००४ साली मांडली, आणि ती घडवताना ॲरन स्वार्ट्झ हा तेव्हा अठराही पूर्ण नसलेला मुलगा त्याच्या मदतीला होता. मागचा विचार असा की फाइल यंत्रातून न काढताही माणसाला जशीच्या तशी वाचता आली पाहिजे. डोक्यावरच्या रेघांची रीत आली ती २००८च्या जेकिल या साधनाबरोबर. ते टॉम प्रेस्टन-वर्नरनं स्वतःचं लेखन मांडण्यासाठी बनवलं होतं. पुढं ह्यूगो आलं, आणखी कितीतरी आली. आम्ही यातलं एकही जसंच्या तसं वापरत नाही. गुरुजींचा नातू छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकताना सुट्टीत इथं होता, त्यानं पायथॉनमध्ये एक लहान साधन लिहून दिलं. आता तो नोकरीत अडकलाय आणि साधन माझ्या गळ्यात आहे. गळ्यात पडलेल्या गोष्टीवर हळूहळू जीव जडतो, तसा माझा जडला.

त्या साधनाचं काम गिरणीतल्या दळणासारखं. डब्यावर नाव असतं, आत काय आहे आणि कसं दळायचं ते सांगितलेलं असतं. गिरणीवाल्यानं ज्याचं त्याला द्यायचं, ज्वारीत गहू मिसळायचा नाही. आमचं साधन फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडतं, डोक्यावरच्या ओळी वेगळ्या काढतं, खालच्या मजकुराचं वेब-पानाच्या भाषेत रूपांतर करतं, थोडक्यातला मजकूर काढतं, पत्ता बनवतं आणि हे सगळं जेसॉन नावाच्या रचनेत एका फाइलीत भरतं. गटाचा ब्लॉग ती एकच फाइल वाचतो.

माझा नियम एकच आहे आणि तो मी भिंतीवर लिहून ठेवलाय: नोंदीच्या मूळ फाइलीला हात लावायचा नाही. फाइल करताना # आणि फुली घालायची, ओळी पाडायच्या, बस. त्यानंतर यंत्रातून काही वेडंवाकडं बाहेर पडलं तर दुरुस्ती यंत्रात करायची. सांगणाऱ्याचा शब्द यंत्राच्या सोयीसाठी बदलायचा नाही.

साडेनऊ

ऑनलाइन कामं करून द्यायच्या माझ्या दुकानाचं शटर वर. दुकान धुळे-सोलापूर महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे गिऱ्हाईक गावचंही असतं आणि वाटसरूही. सातबारा काढून द्या, ई-पीक पाहणी होत नाही बघा, बँकेला आधार जोडलंय का ते सांगा. मार्गशीर्ष संपत आला की लग्नपत्रिकांची चौकशी मंदावते, तेवढाच श्वास. या दीड तासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सर्व्हर चालत नाही हे एकच वाक्य वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या सुरात सांगायचं असतं.

अकरा

गर्दी ओसरली की साधनाची कमांड चालवते. आज तीन फाइलींपैकी एक धड निघाली, दोन नाही.

टरबुजाच्या नोंदीत डोक्यावर एक ओळ होती, ‘खत: 19:19:19’. नोंद देणाऱ्या भाऊंनी बोलून लिहवलेलं, आणि मोबाइल बोलण्यातून आकडे उतरवतो ते बहुतेक वेळा इंग्रजी. १९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. साधनातून बाहेर आलेल्या फाइलीत मात्र त्या जागी होतं: 69559.

कुणी पाहिलं असतं तर व्हायरस म्हणाला असता. व्हायरस वगैरे काही नाही, हे अगदी नियमानुसार झालंय. डोक्यावरच्या ओळी ज्या रीतीनं लिहितात तिला यॅमल म्हणतात. तिच्या २००५च्या आवृत्तीत असा नियम होता की विसर्गचिन्हांनी, म्हणजे दोन टिंबांनी, तोडलेले आकडे दिसले तर ते तास-मिनिटं-सेकंद समजावेत आणि साठाच्या पटीत मोजून एक संख्या करावी. १९ तासांचे ६८,४०० सेकंद, १९ मिनिटांचे १,१४०, वर १९. बेरीज ६९,५५९. खताच्या पोत्यावरचा आकडा यंत्रानं घड्याळ म्हणून वाचला. १०:२६:२६ टाकलं असतं तर ३७,५८६ आलं असतं. २००९च्या आवृत्तीनं हा नियम काढून टाकला, पण पायथॉनमधलं बहुतेकांच्या वापरातलं वाचनयंत्र अजून जुन्याच नियमानं चालतं.

गंमत अशी की भाऊंनी देवनागरी आकड्यांत १९:१९:१९ लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं. यंत्राला फक्त इंग्रजी आकड्यांचं घड्याळ ओळखता येतं, देवनागरी आकडे त्याला निव्वळ अक्षरं वाटतात. म्हणून भाऊंना ‘देवनागरीत लिहा’ असं सांगायचं का? गुरुजींचा नातू फोनवर तेच म्हणाला. मी म्हटलं, नाही. ज्याला रात्री बांधावर उभं राहून लिहायचंय त्यानं यंत्राच्या खोडी पाठ करायच्या, हे उलटं झालं. शेवटी साधनात एक शब्द बदलला. आता डोक्यावरच्या ओळीत जे लिहिलंय ते अक्षर म्हणूनच घ्यायचं, आकडा आहे की तारीख की हो-नाही याचा तर्क करायचा नाही. तर्क लागेल तिथं आम्ही सांगू. तारखेपुरतं सांगितलंय, आणि तिथं पायथॉनचं कौतुक केलं पाहिजे: ‘२०२५’ हे देवनागरीत लिहिलं तरी ती संख्या त्याला मुळातूनच कळते, वेगळं शिकवावं लागत नाही.

या आगाऊपणाचा त्रास जगभर आहे. इंग्रजीतला ‘नो’ हा शब्द जुन्या नियमात ‘नाही’ म्हणून वाचला जातो, आणि नॉर्वे देशाचं दोन अक्षरी चिन्ह नेमकं तेच. देशांच्या यादीतून नॉर्वे गायब झाल्याची तक्रार संगणकवाल्यांत इतकी जुनी आहे की तिला नॉर्वेचंच नाव पडलंय. आमच्या तक्रारीला एकोणीस-एकोणीसचं नाव द्यायला हरकत नाही.

दुसरी फाइल बागेतल्या अंतराची. मूळ ओळ अशी: ‘जुने लोक २०*२० फुटावर लावायचे, आता काहीजण १५*१५ वर आणतात.’ गुणिलेचं चिन्ह मोबाइलवर सापडत नाही, म्हणून सगळेच फुली टाकतात. पण मार्कडाउनमध्ये दोन फुल्यांमधला मजकूर तिरका करायचा असतो. साधनानं तो इमानदारीनं केला. ‘२०’पासून ‘१५’पर्यंतची मधली अक्षरं तिरकी झाली आणि दोन्ही फुल्या गिळल्या गेल्या. पडद्यावर आलं: जुने लोक २०२० फुटावर लावायचे, आता काहीजण १५१५ वर आणतात.

हसू आलं. पण फवारणीच्या किंवा आळवणीच्या नोंदीत असा आकडा चिकटला तर हसण्यासारखं राहत नाही. साधनात एक ओळ घातली: दोन आकड्यांच्या मध्ये सापडलेली फुली आधी गुणिलेचं चिन्ह करायची, मग पुढचं रूपांतर. आकडे देवनागरी असोत की इंग्रजी. मूळ फाइलीत फुली आहे तिथंच आहे.

बोर्डोची फाइल मात्र पहिल्या फटक्यात सरळ निघाली. आकडे देवनागरीत, मधे फुली नाही, टिंबं नाहीत. लिहिणारे मामा जुन्या वळणाचे आहेत, मोबाइलवरही वहीत लिहिल्यासारखं लिहितात.

साडेबारा

पत्त्याचं प्रकरण जुनंच आहे, पण आज महामार्गावरून आलेल्या एका पोरानं त्यावरून विचारलं म्हणून सांगते. प्रत्येक नोंदीला वेबवर एक पत्ता लागतो. शीर्षकातून पत्ता बनवायची ठरलेली रीत म्हणजे अक्षरं-आकडे ठेवायचे, बाकी चिन्हं गाळायची. इंग्रजीला ही चाळणी ठीक. पायथॉनच्या चाळणीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडल्याचं चिन्ह ही ‘अक्षरं’ नाहीत. ती गळून जातात. मोसंबी टाकलं की मसब बाहेर येतं. वडीगोद्री टाकलं की वडगदर. आमच्या गटात आता कुणी काम बिघडवलं की त्याला वडगदर म्हणतात.

चाळणी दुरुस्त केली तर दुसरी अडचण उभी राहते. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट तीन खुणांनी लिहिला जातो. वडीगोद्री या शब्दात व, ड, दीर्घ वेलांटी, ग, ओकार, द, हलन्त, र, वेलांटी अशी नऊ चिन्हं. पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की नुसत्या गावाच्या नावाच्या ८१ खुणा होतात, टक्क्याची चिन्हं आणि आकडे यांची नुसती मालगाडी. तसली लिंक दिसली की लोक फसवणुकीची समजून उघडतच नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. म्हणून आम्ही पत्त्यात दिनांक आणि एक अनुक्रमांक एवढंच ठेवतो. दिसायला रूक्ष आहे, पण कुणी घाबरत नाही.

दीड

जेवायला घरी. भाकरी, हुरड्याच्या दिवसांची लसणाची चटणी, वरण. जेवतानाच थोडक्यातल्या मजकुराचा विचार डोक्यात होता, म्हणून सासूबाई दोनदा म्हणाल्या, ताटात बघ.

मुख्य पानावर प्रत्येक नोंदीचा सुरुवातीचा थोडा भाग दाखवायचा असतो. तयार साधनं तो अक्षरं मोजून तोडतात, इतकी झाली की पुढं तीन टिंबं. गुरुजींच्या नातवानंही सुरुवातीला तसंच केलं होतं. त्यात दोन गोष्टी होतात. एक तर जोडाक्षराच्या मध्येच कात्री बसते, ‘मिश्रण’चं ‘मिश्’ होऊन शेवटी पाय मोडलेला श लटकतो. ते नुसतं कुरूप. दुसरी गोष्ट मात्र घातक आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. बोर्डो पेस्टच्या नोंदीत मामांनी लिहिलंय: ‘तयार पेस्ट दुसऱ्या दिवशी वापरू नये.’ कात्री ‘वापरू’वर बसली तर पानावर दिसतं, ‘तयार पेस्ट दुसऱ्या दिवशी वापरू…’. पुढं ‘नये’ आहे हे उघडून वाचणाऱ्यालाच कळणार, आणि निम्मे लोक मुख्य पानावरूनच पुढं सरकतात.

इंग्रजी वाक्यात ‘नको’ आधी येतं, म्हणून ज्यांनी ही कात्री बनवली त्यांना हे कधी सुचलंही नसेल. आमच्याकडं आता कात्री फक्त पूर्णविरामावर बसते. वाक्य कितीही लांब असो, पुरतं दाखवायचं. पान थोडं उंचसखल दिसतं. दिसू दे.

अडीच

लाइट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, प्रिंटर चालत नाही, म्हणून हा वेळ जुन्या फाइलींचा. गट होण्याआधी गुरुजी एक दोनपानी शेतीपत्रक काढायचे, तालुक्याला अंबडच्या एका दुकानात टाइप करून घ्यायचे. त्या फाइली त्यांनी पेनड्राइव्हवर जपून ठेवल्यात. उघडल्या की दिसतात इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, प्रश्नचिन्हं. कारण त्या काळच्या फाँटांत इंग्रजी अक्षराच्या खणात देवनागरीचा नुसता आकार बसवलेला असायचा. फाँट गेला की मजकूर गेला.

भारताचं इस्की हे लिपीमानक १९९१चं, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. देवनागरीची मांडणी युनिकोडनं इस्कीच्याच आधारानं घेतली. म्हणजे सोय कधीची झाली होती, छापखान्यांच्या आणि टायपिंगच्या दुकानांपर्यंत पोचायला फार उशीर लागला. त्याच काळात अविनाश चोपडे यांनी आयट्रान्स लिहिलं. साध्या फाइलीत रोमन अक्षरांत लिहायचं आणि साधनानं त्यातून देवनागरी काढून द्यायची. साध्या मजकुरावर विसंबण्याची आपली परंपरा मार्कडाउनपेक्षा जुनी आहे, हे मला फार उशिरा कळलं आणि बरं वाटलं.

जुन्या फाइली बदलताना खरी मेहनत ऱ्हस्व वेलांटीची आणि रफाराची. जुन्या फाँटात जसं दिसतं तसं टाइप केलेलं असतं. ‘किडा’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, कारण उच्चार तसा आहे. रफार उलटा: जुन्या फाइलीत ‘वर्ष’मधला रफार ष झाल्यावर येतो, युनिकोडमध्ये र ष-च्या आधी. नुसतं खणाला खण बदललं तर ‘वषर्’ मिळतं. साधनाला आधी पूर्ण अक्षर कुठं संपतं ते शोधायला लावावं लागतं, रफार तिथून उचलून अक्षराच्या आधी नेऊन ठेवायचा. ‘वर्षी’मध्ये ष-वर वेलांटीही असते, तीही ओलांडायची. आज पत्रकाचा एक अंक झाला. त्यात मोसंबीच्या डिंक्याबद्दल गुरुजींनी लिहिलेलं सापडलं, मामांच्या आजच्या नोंदीशी तंतोतंत जुळणारं. दोघांनी एकमेकांचं वाचलेलं नाही, मी विचारून घेतलं.

साडेचार

गुरुजी येतात. रोज येतातच, पण गुरुवारी हातात यादी असते. आजची तक्रार अनुक्रमणिकेची.

“ताई, ‘क्षारपड जमीन’ हे क-मध्ये कसं काय?”

“यंत्र क्ष-ला क अधिक ष समजतं, गुरुजी.”

“यंत्र समजू दे. पोरगं वर्णमाला शिकताना ह, ळ, क्ष, ज्ञ म्हणतं. शेवटी शोधायला जाईल, त्याला सापडणार नाही.”

त्यांचं बरोबर आहे. युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे लावलं तर ळ ल-च्या लगेच मागं, व-च्या आधी येऊन बसतो, म्हणून ‘काळी जमीन’ ‘कावीळ’च्या आधी लागते. शाळेतल्या क्रमात उलट. मी म्हटलं, ळ-नं सुरू होणारा शब्द नाही, मधल्या ळ-कडं कोण बघतं? गुरुजींनी चष्मा काढला. चष्मा काढला की वाद संपलेला असतो. क्रम लावण्याची एक वेगळी तक्ता-फाइल केली, तिच्यात ह नंतर ळ, क्ष, ज्ञ अशी रांग. साधन क्रम लावताना ती बघतं. तक्ता गुरुजींच्या अक्षरात कागदावर आहे, मी टाइप केला.

मग गावांच्या नावांचा विषय निघाला. वडीगोद्री लोक चार तऱ्हांनी लिहितात, रोमनमध्ये कुणी डब्ल्यूनं सुरू करतं कुणी व्हीनं. २०२३च्या ऑगस्टअखेरीस शेजारच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं उपोषण सुरू झालं, २०२४च्या जूनमध्ये ओबीसी आरक्षणासाठीचं उपोषण वडीगोद्रीतच झालं. दोन्ही वेळा वाहिन्यांच्या गाड्या महामार्गापर्यंत लागल्या आणि दोन्ही गावांची नावं देशभर वेगवेगळ्या स्पेलिंगांनी फिरली. आमच्या गटात दोन्ही बाजूंचे लोक आहेत, एकाच ट्रॅक्टरनं पेरणी करतात. त्या विषयाची नोंद इथं ठेवायची नाही असं तेव्हाच ठरलं आणि पाळलं गेलं. साधनात फक्त एक पर्यायांची यादी आहे. कुठल्याही तऱ्हेनं लिहिलेलं गाव शोधलं तरी नोंद सापडते. मूळ फाइलीत ज्यानं जसं लिहिलं तसंच.

‘पीक’ ओळीत ‘मोसंबी’ की ‘जालना मोसंबी’, यावरही थोडं झालं. २०१६ साली जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून काही बागायतदारांना पूर्ण नावच हवं असतं. शोधणारा दोन्ही नावांनी शोधतो, म्हणून तेही पर्यायांच्या यादीत गेलं.

सहा

आता बाहेर अंकुशनगरच्या कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग सुरू होते. टेपरेकॉर्डरचा आवाज इतका मोठा की दुकानाची काच हलते. पुन्हा कमांड. आजची तयार फाइल उघडून मी डोळ्यांनी वाचते, यावर माझा कुठल्याही साधनापेक्षा जास्त भरवसा आहे. आत अक्षरं अक्षरांसारखी आहेत की नाही तेही बघते. पायथॉनला वेगळं सांगितलं नाही तर तो जेसॉनमध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाऐवजी त्याचा सांकेतिक क्रमांक लिहितो, ‘व’ऐवजी 0935 आणि तसलेच. ब्लॉगला फरक पडत नाही, पण मला वाचता येत नाही आणि फाइल फुगते. सांगितलंय, तेव्हा अक्षरंच आहेत.

आकडे एकेक करून मूळ नोंदीशी ताडते. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. फवारणीच्या एक टक्का मिश्रणाला हेच दोन्ही १०० लिटरमध्ये, आणि या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर काय होईल ते सांगायला नको. खत १९:१९:१९. अंतर २०×२०, १५×१५. सगळं जागेवर. फाइल वर चढवली. मोबाइल डेटावर चढते, एवढी हलकी आहे.

आठ

बोर्डोच्या नोंदीवाल्या मामांना फोन केला, आता ते उठून जेवलेले असणार.

“मामा, खोडाला किती उंचीपर्यंत लावायचं ते राहिलंय तुमच्या नोंदीत.”

“कंबरंइतकं लावायचं की. तेवढं बी लिहावं लागतं व्हय?”

“लागतं. नवीन पोरं वाचतात.”

“मग आणिक लिही. विळा बुडवून बघायचा. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला म्हणायचं, अजून टाकायचा. आन मोरचूद लोखंडी घमेल्यात भिजवायचं नाही, प्लास्टिकच्या बादलीत.”

ही त्यांची भर आहे, म्हणून फाइलीत गेली, मूळ मजकुराच्या खाली, ‘भर’ असा मथळा आणि आजची तारीख घालून. सांगणाराच फाइल बदलू शकतो, दुसरं कुणी नाही, मीही नाही. विळ्याचं वाचून गुरुजींचा लगेच मेसेज: शाळेत आम्ही हेच मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकून दाखवायचो, लोखंडावर तांबं चढतं. ते ‘आधार’ ओळीत घालता येईल का, असंही. मी उत्तर दिलं की मामांच्या फाइलीत नाही घालता येणार, तुमची वेगळी नोंद पाठवा.

पाठवली त्यांनी. त्यात रासायनिक समीकरण आहे, मधे बाण आणि खाली लिहिलेले आकडे. साधन त्याचं काय करणार ते उद्या अकरा वाजता कळेल.